कण लहान केला की झिंक ऑक्साइड जास्त विरघळतं, की नुसतंच लवकर?

जस्तकार

नॅनो झिंक ऑक्साइडवरचा कुठलाही प्रबंध उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: ‘कणांचा आकार कमी असल्याने विद्राव्यता वाढते.’ वाक्य खोटं नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकाच पोत्यात कोंबल्या आहेत. किती वेगाने विरघळतं हा एक प्रश्न, शेवटी पाण्यात किती मावतं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पृष्ठफळात आहे, दुसऱ्याचं वक्रतेत.

पृष्ठफळाचा हिशेब सोपा. घनता ५.६१ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली, तर गोल कणांच्या १ ग्रॅम पुडीचं पृष्ठफळ १०७० भागिले व्यास (नॅनोमीटरमध्ये) इतके चौरस मीटर येतं. ५०० नॅमीला २, १०० नॅमीला ११, २० नॅमीला ५३, ४ नॅमीला जवळजवळ २७०. वेग साधारण याच प्रमाणात वाढतो. म्हणजे तासाभराने पाणी तपासलं तर बारीक पुडीत जस्त जास्त दिसणारच. त्याला विद्राव्यता म्हणू नये, एवढंच.

कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग जास्त वक्र. त्यावरून शेवटची पातळी ओस्टवाल्ड-फ्रॉइंडलिख समीकरणाने ठरते (‘ठोकळ पूड’ म्हणजे जाड कणांची साधी पूड):

नैसर्गिक लॉग (लहान कणाचा समतोल स्थिरांक ÷ ठोकळ पुडीचा) = २ × पृष्ठऊर्जा × मोलर आकारमान ÷ (त्रिज्या × वायू स्थिरांक × केल्विन तापमान)

मोलर आकारमान १४.५ घन सेंमी, तापमान २५ अंश से., पृष्ठऊर्जा ०.३५ जूल प्रति चौ.मी. घेऊन पाहू. १०० नॅमी व्यासाला गुणोत्तर १.०९ येतं, २० नॅमीला १.५, १० नॅमीला २.३ आणि ४ नॅमीला ७.८. खरा चढ १० नॅमीच्या खालीच आहे. ‘५० नॅमी विरुद्ध १०० नॅमी’ अशी तुलना करून आकाराचा परिणाम सिद्ध केल्याचं वाचलं, की पहिली शंका मापनावर घ्यावी.

कोणाला खोडायचं असेल तर स्वागत आहे.

तराजू९

खोडत नाही, शेपूट जोडतो. या गुणोत्तरांशेजारी पीएचचा परिणाम मांडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

झिंक ऑक्साइड आणि दोन हायड्रोजन आयन मिळून झिंक आयन आणि पाणी: या अभिक्रियेच्या स्थिरांकाचा लॉग (दहाच्या पायावर) ११.२ च्या आसपास आहे. त्यामुळे झिंक आयनांची समतोल पातळी हायड्रोजन आयनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ठोकळ पुडीसाठी आकडे असे:

पीएच ७.० : सुमारे १०० मिग्रॅ/लि
पीएच ७.५ : सुमारे १० मिग्रॅ/लि
पीएच ८.० : सुमारे १ मिग्रॅ/लि, वर हायड्रॉक्सी रूपांची थोडी भर

अर्ध्या एककाला दहापट. ०.१ एककाला १.५८ पट. आता वरच्या प्रतिसादातला २० नॅमीचा आकडा पाहा: १.५. म्हणजे २० नॅमी कणांचा सगळा वक्रता-परिणाम पीएच मीटरच्या ०.१ च्या चुकीत बुडतो. दोन बाटल्यांचा पीएच शेवटी ७.५ आणि ७.६ निघाला असेल, तर आकाराबद्दल तोंड उघडायला जागाच राहत नाही.

आणि पीएच सरकतोच. विरघळणारा प्रत्येक झिंक आयन मागे दोन हायड्रॉक्साइड सोडतो. बारीक पूड लवकर विरघळते, पीएच लवकर वर नेते, मग स्वतःचंच विरघळणं आवरतं. बफर (पीएच स्थिर राखणारं द्रावण) नसलेल्या पाण्यात लहान-मोठ्या कणांची शर्यत लावली, तर धावपटूच मैदान बदलत असतो.

पाचवा_दशांश

म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये घेतलेले सगळे आकडे बाद समजायचे? बरेच जण ‘शुद्ध पाण्यातली विद्राव्यता’ असाच तक्ता देतात.

तराजू९

बाद नाही, पण ‘शुद्ध पाणी’ म्हणजे कोणतं ते लिहिलेलं नसेल तर निरुपयोगी. दोन टोकं पाहा.

बाटली बंद, पाणी उकळून कार्बन डायऑक्साइड काढलेला, वर नायट्रोजन: पीएच ८.५ च्या आसपास स्थिरावतो आणि सगळ्या रूपांतलं मिळून जस्त ०.३ मिग्रॅ/लि च्या जवळ राहतं.

तीच पूड, तेच पाणी, पण बीकर उघडा आणि चुंबकी ढवळणी दिवसभर चालू: हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, हायड्रॉक्साइड खातो, पीएच ७.६ पर्यंत उतरतो आणि जस्त ८ मिग्रॅ/लि च्या घरात जातं.

पंचवीस पटींचा फरक, आणि कणाच्या आकाराला हातही लावलेला नाही. मध्ये कुठे थांबाल ते बीकरचं तोंड किती रुंद आणि ढवळणी किती जोरात यावर. उघड्या बीकरमध्ये बरेच दिवस ठेवलं तर हायड्रोझिंकाइट, म्हणजे जस्ताचं बेसिक कार्बोनेट, तयार होऊ लागतं आणि पातळी पुन्हा उतरते. त्या वेळी तुम्ही झिंक ऑक्साइडची विद्राव्यता मोजतच नसता.

अजून एक गंमत. पीएच बांधलेला नसेल तर आकाराचा परिणाम दबतो. उघड्या बीकरमध्ये जस्ताची पातळी स्थिरांकाच्या घनमुळाप्रमाणे बदलते. स्थिरांक ७.८ पट झाला (४ नॅमी) तरी पाण्यातलं जस्त जेमतेम २ पट. १.५ पट झाला (२० नॅमी) तर १.१४ पट. चौदा टक्के! तीन प्रतींच्या विखुरणीत तेवढं सहज हरवतं. ‘आकाराचा परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी हे घनमूळ तपासावं.

गाळणी

पीएचवर एवढं झालं, आता मोठ्या भोकाकडे वळू. शब्दशः भोक.

‘द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आयसीपीवर जस्त मोजले.’ (आयसीपी म्हणजे द्रावणातला धातू मोजणारं यंत्र.) ०.४५ मायक्रॉन म्हणजे ४५० नॅमी. २० नॅमीचा सुटा कण त्या भोकातून असा जातो, जसा वाटाणा घराच्या दारातून. ०.२२ चीही तीच गत. पुढे गाळलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल घालता, आत आलेले कण विरघळतात, यंत्र त्यांनाही ‘विद्राव्य जस्त’ म्हणून मोजतं. सगळ्यात वाईट म्हणजे ही चूक आकाराच्याच दिशेने झुकते: कण जितका लहान तितका गळून येणारा वाटा मोठा. फिल्टरची गळती आकाराच्या परिणामासारखीच दिसते.

पर्याय तीन.

सेंट्रिफ्यूज. स्टोक्सच्या नियमाने हिशेब करा: १५,००० जी (गुरुत्वाच्या १५,००० पट), ३ सेंमी उंचीचा द्रवस्तंभ, २० नॅमीचा कण तळाला जायला साधारण अर्धा तास. ४ नॅमीच्या कणाला पंचवीसपट वेळ, म्हणजे बारा तासांहून जास्त, आणि तेवढ्यात गरम झालेल्या रोटरमध्ये तापमान कुठे गेलं ते देव जाणे. ४ नॅमीसाठी सेंट्रिफ्यूज एकटं पुरत नाही.

०.०२ मायक्रॉनचा अ‍ॅल्युमिना पडद्याचा सिरिंज फिल्टर. २० नॅमीच्या वरच्या कणांना ठीक. पण अ‍ॅल्युमिना जस्त धरून ठेवतो, विशेषतः पीएच ७.५ च्या वर आणि पातळी १ मिग्रॅ/लि च्या खाली असेल तेव्हा. सुरुवातीचे ३-४ मिलि फेकून द्या आणि वसुली, म्हणजे घातलेल्यापैकी किती जस्त परत मिळतं ते, तपासा.

३ किलोडाल्टनचा सेंट्रिफ्यूगल अल्ट्राफिल्टर, सेल्युलोजच्या पडद्याचा. छिद्रं एक-दोन नॅमीची. या कामासाठी माझी पसंती यालाच. नवीन पडद्यात ग्लिसरीनचा अंश असतो, तो आधी पाण्याने दोनदा फिरवून काढावा. मग नमुना घालून पहिल्यांदा गाळलेलं पाणी ओतून द्यावं, दुसऱ्यांदाचं घ्यावं.

तिन्हींना एकच कसोटी: झिंक नायट्रेटचं १ आणि १० मिग्रॅ/लि चं द्रावण त्याच बफरमध्ये, त्याच पीएचला, त्याच फिल्टरमधून गाळायचं. मात्र १० मिग्रॅ/लि वालं पीएच ७.५ च्या वर वापरू नका, त्यात स्वतःच साका बसू शकतो. वसुली ९५ टक्क्यांच्या खाली आली तर फिल्टर किंवा पद्धत बदला.

गळतीसाठी एक जुगाड: त्याच आकाराचे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण त्याच रीतीने गाळा. हे ऑक्साइड तटस्थ पाण्यात जवळपास विरघळतच नाही. गाळलेल्या पाण्यात टायटॅनियम दिसलं म्हणजे कण गळले. पृष्ठभागाचा विद्युतभार वेगळा असल्याने तुलना तंतोतंत नाही, पण ढोबळ चूक पकडली जाते.

रसायनी_एक्सप्रेस

गाळणी यांच्या यादीत रबर राहिलं. सिरिंजच्या दांड्याचं काळं टोक रबराचं असतं आणि रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइडच वापरतात. गाळायला तसली सिरिंज घेतली तर कोऱ्या नमुन्यातही जस्त येतं. दोन भागांची, संपूर्ण प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. रबरी बूच, ओ-रिंग, पिपेटचा रबरी फुगा, पावडर लावलेले हातमोजे, सगळे याच माळेचे मणी. बाटल्या काचेऐवजी पॉलिप्रॉपिलिनच्या, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून पाच-सहा वेळा विसळलेल्या.

पीएच ८ ला १ मिग्रॅ/लि मोजायचं असताना कोरा नमुना ०.०५ मिग्रॅ/लि दाखवत असेल, तर आधी तो निस्तरा.

पाचवा_दशांश

@जस्तकार, पृष्ठऊर्जा ०.३५ कुठून आली? समीकरणात ती घातांकात बसते. ०.७ घेतली तर ४ नॅमीचं गुणोत्तर ७.८ ऐवजी ६० होतं, २० नॅमीचं १.५ ऐवजी २.३. ‘खरा चढ १० नॅमीच्या खालीच’ हे विधान त्या एका आकड्यावर उभं आहे.

जस्तकार

मुद्दा बरोबर, आणि हीच या विषयातली खरी दुखरी जागा.

स्वित्झर्लंडमध्ये शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये झिंक ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडच्या विद्राव्यतेवर कणाच्या आकाराचा परिणाम मोजला. त्यांची झिंक ऑक्साइडची पृष्ठऊर्जा ०.७७ च्या आसपास होती, पण अनिश्चितता ०.३३ ची. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात विकी ग्रासियन यांच्या गटाने २०१२ मध्ये पीएच ७.५ ला ४ पासून १३० नॅमीपर्यंतचे कण घेतले, त्यातून सुमारे ०.३२ निघाली. कोरड्या पृष्ठभागाची उष्णतामापनाने काढलेली ऊर्जा याहून बरीच मोठी येते, पण पाण्यातल्या कणाला ती लावायची नसते. पृष्ठभागाला पाणी चिकटलं की ऊर्जा उतरते.

म्हणून ०.३ ते ०.८ हा पट्टा धरा आणि दोन्ही टोकांनी हिशेब करून दाखवा. वरच्या टोकाने २० नॅमीला २.५ पट येतं, तेही ०.२ पीएच एककाइतकंच. १०० नॅमीला कुठलंही टोक घ्या, १.१ ते १.२ च्या पुढे जात नाही. ‘१० नॅमीच्या खालीच’ ऐवजी ‘२० च्या खाली’ म्हणतो, एवढी माघार मान्य.

गाळणी

आणि त्या समीकरणात व्यास कोणता घालायचा ते कोण सांगणार? डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून) ३०० नॅमी दिसतं, टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) १८, एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) शेरर सूत्रावरून १५, बीईटी (वायू शोषून मोजलेल्या) पृष्ठफळावरून २५. चार यंत्रं, चार जन्मतारखा.

जस्तकार

डीएलएस कधीच नाही. ते गुच्छाचा आकार सांगतं, आणि वक्रता सुट्या कणाची असते. झिंक ऑक्साइडचा शून्यभार बिंदू पीएच ९ च्या थोडा वर आहे. पीएच ८ च्या पुढे पृष्ठभार कमी होत जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि डीएलएसचा आकडा तासातासाला फुगतो. आतला कण तेवढाच असतो.

समतोलासाठी बीईटी पृष्ठफळावरून काढलेला व्यास सर्वांत सुसंगत, कारण समीकरण दुसऱ्या रूपात प्रति मोल पृष्ठफळाचंच असतं. गोल कणाला दोन्ही रूपं तंतोतंत एक होतात, सळईसारख्या कणाला ‘त्रिज्या’ या शब्दालाच फारसा अर्थ उरत नाही. जोडीला टीईएमवर निदान २०० कण मोजून विखुरणी द्या. पुडीत ५ ते ४० नॅमी असा पसारा असेल तर सरासरी २० लिहिण्यात अर्थ नाही. बारीक कण आधी विरघळतात, मोठे मागे राहतात, आणि शेवटची पातळी मोठ्यांची असते.

गुच्छांबद्दल इतकंच की त्यांनी वेग घटतो, कारण आतल्या पृष्ठभागाशी पाण्याची देवाणघेवाण मंदावते. समतोलावर परिणाम कमी. पण कण जिथे चिकटतात त्या मानेच्या जागी वक्रता उलटी असते, तिथे विद्राव्यता कमी, म्हणून विरघळलेलं जस्त तिथेच पुन्हा बसतं आणि मान जाड होत जाते. आठवड्याभराने टीईएम पुन्हा काढला नाही तर हे कळत नाही.

काळी_माती

शेतीकडून एक प्रश्न. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत पीएच ८ ते ८.५. वरच्या तक्त्याप्रमाणे तिथे झिंक ऑक्साइड १ मिग्रॅ/लि च्या आत अडकतं. मग जमिनीत द्यायच्या जस्त खतात नॅनो कण वापरून फायदा तो काय? २० नॅमीने दीडपट झालं तरी दीड मिग्रॅ.

तराजू९

तुमच्या जमिनीत तराजूचं दुसरं पारडं रिकामं होत असतं. बीकरमध्ये विरघळलेलं जस्त बीकरमध्येच राहतं. मातीत ते चिकणमातीवर, लोहाच्या ऑक्साइडवर, कार्बोनेटवर जाऊन बसतं, थोडं मुळं उचलतात. द्रावणातली पातळी समतोलाच्या खूप खाली राहते, म्हणून कण विरघळतच राहतो. अशा वेळी समतोल किती हा प्रश्नच गौण, वेग किती हा मुख्य. आणि वेगात आकाराचा परिणाम पूर्ण लागू: १०० नॅमी ते २० नॅमी, पाचपट पृष्ठफळ.

पण आनंदाआधी पुढचा अडथळा. विरघळून बाहेर आलेलं जस्त त्या पीएचला मातीवर घट्ट बसतं आणि कणापासून फार लांब जात नाही. लवकर विरघळलं म्हणजे लवकर अडकलं, असंही होतं. दाणा मुळापासून किती अंतरावर पडला आणि मातीत किती पसरला, याला तिथे कणाच्या नॅनोमीटरहून जास्त महत्त्व. झिंक सल्फेटशी तुलना न करता नुसती ‘नॅनो विरुद्ध साधं ऑक्साइड’ अशी चाचणी लावली तर ती अर्धीच.

काळी_माती

धन्यवाद. म्हणजे फवारणी आणि जमिनीतून देणं या दोन्हींचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

रसायनी_एक्सप्रेस

बराच खल झाला. कोणीतरी सरळ कृती लिहा ना. नवीन माणसाने पहिल्या दिवशी बाकावर काय मांडायचं?

गाळणी

घ्या.

पूड: घरी बनवलेली असेल (झिंक अ‍ॅसिटेट आणि अल्कली, अल्कोहोलमध्ये) तर आधी धुवा. उरलेलं अ‍ॅसिटेट आणि जस्ताचं थरदार हायड्रॉक्सी-अ‍ॅसिटेट ही दोन्ही ऑक्साइडहून सहज विरघळतात आणि पहिल्या पाच मिनिटांत जस्ताची खोटी उसळी देतात. इथेनॉलने तीन वेळा, शेवटी थंड पाण्याने एकदा, झटपट. एक्सआरडीमध्ये १० अंशांच्या खालच्या कोनाला शिखर दिसलं तर थरदार मीठ अजून आहे असं समजा. बाजारातल्या पुडीवर सिलिका किंवा सिलेनचा लेप नाही ना, ते विचारून घ्या. सौंदर्यप्रसाधनांच्या प्रतीवर तो बहुधा असतो, आणि मग मोजमाप लेपाचं होतं.

द्रावण: सोडियम नायट्रेट ०.०१ मोलर, हेपेस बफर ०.०१ मोलर, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.५०. फॉस्फेट बफर अजिबात नको, झिंक फॉस्फेटचा साका बसतो. ट्रिस जस्ताला बांधून घेतं, तेही नको. बायकार्बोनेट तर नकोच नको. पाणी उकळून नायट्रोजनखाली थंड केलेलं.

प्रमाण: १०० मिलिला २० मिग्रॅ पूड. म्हणजे लिटरला १६० मिग्रॅ जस्त हाताशी, त्यातलं १० च्या आसपास विरघळणार. पूड कमी घातली तर सगळीच विरघळून जाते आणि तुम्ही समतोलाऐवजी स्वतःचं वजन करणं मोजता. १० मिग्रॅ/लि पूड आणि पीएच ७ ची जोडी अनेक तक्त्यांत दिसते. तिथे सगळे आकार ‘सारखेच विरघळणारे’ निघतात, यात नवल ते काय.

पसरवणं: बाथ सोनिकेटर, १० मिनिटं, बर्फाच्या पाण्यात. साठवणीचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेवू नये, ते रात्रभर विरघळत बसतं.

तापमान: २५ अंश, चढउतार अर्ध्या अंशाच्या आत. बाटल्या बंद, गोल फिरणाऱ्या शेकरवर.

वेळा: १५ मिनिटं, १ तास, ४ तास, २४ तास, ३ दिवस, ७ दिवस. प्रत्येक वेळेसाठी स्वतंत्र बाटली. एकाच बाटलीतून सहा वेळा काढलं तर दर वेळी हवा आत जाते.

प्रत्येक नमुन्यात आधी पीएच, मग अल्ट्राफिल्टर, मग गाळलेल्याला नायट्रिक आम्ल २ टक्के. क्रम उलटा झाला, म्हणजे आम्ल आधी पडलं, तर संपलंच.

मोजणी: आयसीपी-ओईएसवर २१३.८५७ किंवा २०६.२०० नॅमी रेषा. फ्लेम एएएसवर (ज्वाळेतलं अणुशोषण) २१३.९, पण तिथे प्रमाणीकरणाची सरळ रेष १ मिग्रॅ/लि च्या आसपासच वाकू लागते, म्हणून नमुना दहा-वीस पट पातळ करा.

बरोबर तीन सोबती हवेतच: पुडीविना बफर, ठोकळ झिंक ऑक्साइड (५०० नॅमीच्या वरचं), आणि वसुलीसाठी झिंक नायट्रेट.

तराजू९

उत्तम. दोन दुरुस्त्या.

१० मिलिमोलर हेपेस पुरेसं वाटतं, पण गणित करा. १० मिग्रॅ/लि जस्त विरघळणं म्हणजे ०.१५ मिलिमोल, त्यातून ०.३ मिलिमोल हायड्रॉक्साइड. पीएच ७.५ ला या बफरची क्षमता एका एककाला ५.८ मिलिमोल. पीएच सुमारे ०.०५ ने वर जातो आणि जस्ताची पातळी २० टक्के उतरते. हे ठोकळ पुडीचं. ४ नॅमीला आठपट विरघळू पाहिलं, तर बफर कोलमडतो, शिवाय निम्मी पूडच संपून उरलेल्या कणांचा आकार बदलतो.

उपाय: अगदी बारीक कणांसाठी पीएच ८.० घ्या. पातळी दहापट खाली येते, हायड्रॉक्साइड कमी सुटतो, कण शाबूत राहतात. बदल्यात कोऱ्या नमुन्याची शिस्त कडक हवी आणि जस्ताच्या हायड्रॉक्सी रूपांचे १० ते २० टक्के वजा करायला हवेत.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. मिग्रॅ/लि चा तक्ता देऊच नका. प्रत्येक बाटलीसाठी त्याच बाटलीच्या शेवटच्या पीएचवरून स्थिरांक काढा: झिंक आयनांची क्रियाशीलता भागिले हायड्रोजन आयनांच्या क्रियाशीलतेचा वर्ग. या आयनिक तीव्रतेला झिंक आयनाचा क्रियाशीलता गुणांक सुमारे ०.६ येतो, तो लावा. मग पीएच थोडा इकडेतिकडे झाला तरी तुलना टिकते. ठोकळ पुडीचा लॉग ११.२ च्या ०.१-०.२ आत आला पाहिजे. ११.८ आला तर दोष तुमच्या बाटलीत, पुस्तकात नाही. आधी ठोकळ पूड जमवा, मगच नॅनोला हात घाला.

पीएच मीटरला ७.०० आणि ९.२ चे बफर, २५ अंशांवरच. ४ आणि ७ वर मीटर लावून ८ वाचणं टाळा.

पाचवा_दशांश

वेळांच्या यादीबद्दल विचारायचं होतं. ४ नॅमीच्या कणांत जस्त आधी चढतं आणि २४ तासांनंतर उतरतं, असे आलेख दिसतात. ती चूक की खरं?

जस्तकार

बहुधा खरं. बारीक कणांशी समतोल साधलेलं पाणी मोठ्या कणांच्या दृष्टीने अतिसंतृप्त असतं. मग बारीक विरघळतात, मोठ्यांवर जस्त बसतं, सरासरी आकार वाढतो, पातळी उतरते. ओस्टवाल्ड पक्वन म्हणतात ते हेच. म्हणून ४ नॅमीची ‘विद्राव्यता’ ही कड्यावरच्या दगडासारखी, फार वेळ तिथे राहत नाही. शिखराचा आकडा आणि त्याची वेळ, दोन्ही द्या.

पण तोच आलेख हवा आत गेल्याने हायड्रोझिंकाइट बसलं तरी निघतो. किंवा बाटलीच्या भिंतीवर जस्त चिकटलं तरी. निवाडा सोपा: ७ दिवसांचा गाळ वाळवून एक्सआरडी. रेषा झिंक ऑक्साइडच्याच पण अरुंद झालेल्या असतील तर पक्वन. नव्या रेषा आल्या तर कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड.

सायट्रिक आम्ल किंवा ह्युमिक आम्ल असलेल्या पाण्याचं प्रकरणच वेगळं. आयोवाच्या त्याच कामात सायट्रिक आम्ल घातल्यावर विरघळणं वाढलं, पण आकाराशी लागणारा क्रम मोडला. बांधून घेणारा रेणू आला की वक्रतेचा आवाज ऐकू येत नाही.

रसायनी_एक्सप्रेस

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या लोकांनी ३० नॅमी आणि ठोकळ झिंक ऑक्साइड पीएच ७.६ ला डायलिसिसने वेगळं करून तपासलं होतं. दोन्ही सारखंच विरघळलं, आणि गोड्या पाण्यातल्या शैवालावरचा विषारी परिणामही सारखाच, वाढ निम्म्यावर यायला ७२ तासांत लिटरला सुमारे ६० मायक्रोग्रॅम जस्त. वरच्या समीकरणाने पाहिलं तर ३० नॅमीला १.३ पट अपेक्षित. ‘सारखंच’ म्हणायला हरकत नाही. तेव्हा अनेकांना तो निकाल धक्कादायक वाटला, पण गणितात बसतो.

काळी_माती

हेच सगळं कॉपर ऑक्साइडला जसंच्या तसं लावता येईल?

तराजू९

चौकट तीच, आकडे वेगळे. कॉपर ऑक्साइडचा तोच लॉग ७.६ च्या आसपास, म्हणजे पीएच ७ ला ठोकळ पुडीतून लिटरला जेमतेम २५ मायक्रोग्रॅम तांबं. पूड विरघळून संपण्याची भीती नाही, बफरही ढळत नाही. पण तांबं सेंद्रिय पदार्थाला जस्ताहून कितीतरी घट्ट धरतं. बफर, फिल्टरचा पडदा, पाण्यातला सेंद्रिय कचरा, सगळीकडे ते पळतं. समतोलाला वेळही जास्त: जस्ताला दिवस पुरतात, तांब्याला आठवडे धरा. आणि फिल्टरमधून पुडीचा एक हजारांश गळला तरी, २०० मिग्रॅ/लि पुडीवर, लिटरला १६० मायक्रोग्रॅम तांब्याची खोटी भर पडते. खऱ्या उत्तराच्या सहापट. तिथे ३ किलोडाल्टनहून मोठ्या छिद्रांचा पडदा चालणार नाही.

गाळणी

वर एक गोष्ट अर्धी लिहिली, पुरी करतो. अल्ट्राफिल्टर फिरवताना नमुना आटत जातो, वरच्या कप्प्यात पूड दाट होते. विरघळलेल्या आयनांची पातळी त्याने फारशी बदलत नाही, पण पार कोरडं होईपर्यंत फिरवू नका. ४ मिलिपैकी दीड मिलि गाळलेलं पाणी मिळालं की थांबा. आणि रोटर आधी २५ अंशांवर आणून ठेवा. नाहीतर शेकरवर कष्टाने राखलेलं तापमान शेवटच्या अर्ध्या तासात रोटरच बदलून टाकतो.